हुलगेमाळावर उगवलेला देव

१

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. रविवारी सकाळी धुळा माझ्या अंगणात येऊन उभा राहिला. हातात काठी होती, खांद्यावर घोंगडं होतं, पण मागं मेंढरं नव्हती. धनगर मेंढरांशिवाय दारात आला की काहीतरी बिनसलंय असं समजावं.

"बाई, माळावर देव उगवलाय."

"देव उगवत नाहीत, धुळा. बस. आधी पाणी पी."

"आवं खरंच. काल सांजच्याला मेंढरं माघारी आणली तवा काय सुदिक नव्हतं. आज जाऊन बघतोय तर मधोमध शेंदूर लावल्याला धोंडा. गळ्यात हार, म्होरं उदबत्त्या." त्यानं तांब्या तसाच खाली ठेवला. "मेंढरं वाघरात कोंडली आन् तुमच्याकडं आलो. दुसरं कुणाकडं जायचं?"

साठीला आलेला माणूस, पण अडचण आली की अजून शाळेत आल्यासारखा येतो. म्हसवडच्या अलीकडं, वडूजच्या रस्त्याला आमची वाडी आहे. मी इथं प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून आले तेव्हा माझं वय विशीचं होतं. पहिल्याच वर्षी हाताशी लागलेली तीन पोरं म्हणजे धुळा, नाथाजी आणि राजवर्धन. धुळा आणि नाथाजी इथले धनगरांचे. राजवर्धन कृष्णाकाठचा, उसाच्या गावचा. त्याचे वडील पाटबंधारे खात्यात होते म्हणून चौथीपर्यंत आमच्याकडं शिकला. शाळेला एकच खोली होती. थंडीत मी पोरांना घेऊन हुलगेमाळावर जाई. तिथं कोवळ्या उन्हात आमचा गणिताचा तास चाले. क्षेत्रफळ मी फळ्यावर कधी शिकवलंच नाही. सुंभाची दोरी घ्यायची, चार पोरं चार कोपऱ्यांवर उभी करायची, आणि मधल्या जागेत किती मेंढरं बसतील ते काढायचं. नाथाजीचं उत्तर नेहमी बरोबर यायचं, कारण तो आकडेमोड न करता मेंढरं डोळ्यांसमोर बसवून बघायचा.

तो हुलगेमाळ आता या तिघांच्या मालकीचा होता, आणि येत्या गुरुवारी विकला जाणार होता.

"तो साहेब आज माळ बघाय येणार हाय," धुळा म्हणाला. "त्यानं धोंडा बघितला तर?"

मी चपला पायात सरकवल्या. पण आम्हाला उशीर झाला होता. माळावर पोचलो तेव्हा कंपनीची पांढरी गाडी आधीच उभी होती.

२

आधी जमिनीचं सांगते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल.

आमच्या भागातली कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. जुनं सोनं-चांदी मुशीत वितळवून शुद्ध करायचं, हे काम. पोटासाठी ती मद्रासपासून कलकत्त्यापर्यंत पांगलेली. नाथाजी चाळीस वर्षांपूर्वी असाच तमिळनाडूत सेलमला गेला. कोरोनाच्या वर्षी दुकानं बंद पडली. सोन्याचा भाव आज चढे, उद्या उतरे. बँकेचं व्याज खाली आलेलं. शेअरबाजाराचं आपल्याला कळत नाही. मग नाथाजीनं धुळ्याला आणि फौजेतून सुभेदार होऊन परतलेल्या राजवर्धनला फोन केला. म्हणाला, "जमीन तरी कुठं पळून जात न्हाई. आपला माळ निघालाय इकायला. घिऊया का?" तिघांनी मिळून घेतला.

नंतर एमआयडीसी येणार अशी बातमी आली आणि भाव चढला. बातमी गेली, भाव उतरला. पुन्हा आली, पुन्हा चढला. असं चालू असताना या वर्षी एक सोलर कंपनी खरंच दारात आली. सेलमला आता नाथाजीची भट्टी पहिल्यासारखी पेटत नाही. माळाच्या पैशातून वाडीत घर बांधायचं आणि कायमचं परत यायचं, हे त्यानं ठरवून टाकलं. गेली पाच वर्षं तो माणूस फोनवर दुसरं बोलत नव्हता. दिवाळीसाठी तो बायकोला घेऊन वाडीत आला होता. सौदा मोडला तर सुट्टी संपल्यावर पुन्हा सेलमची गाडी धरायची, एवढंच त्याच्या हातात होतं.

माळावर कंपनीचा साहेब कमरेवर हात ठेवून धोंड्याकडं बघत होता. शेजारी नानासो, वडूजचा जमिनीचा एजंट. थंडीतही त्याचा शर्ट भिजला होता.

साहेब शांतपणे म्हणाला, "देवस्थानाच्या भानगडीत आमची कंपनी पडत नाही. गुरुवारपर्यंत जागा मोकळी दिसली तर सही. नाहीतर पलीकडच्या गावचे लोक द्यायला तयार आहेत." गाडी धूळ उडवत गेली.

"उचलून टाकूया की," नानासो म्हणाला.

"तू उचल," धुळा म्हणाला.

नानासो मागं सरला. "मी कशाला? तुमचा देव."

"शेंदूर लावल्याला धोंडा हाय. देव असंल, नसंल. ज्यानं ठेवलाय त्यानंच उचलावा. दुसरा कोण हात लावणार न्हाई, मी बी न्हाई."

म्हणजे सौदा वाचवायचा तर एकच वाट होती: धोंडा कुणी ठेवला ते शोधायचं. माझ्याकडं सगळ्यांनी असं बघितलं, जणू वर्गात खडू कुणी चोरला ते मलाच ठाऊक असणार.

मी खाली बसले आणि नीट बघितलं. ओढ्यात सापडतो तसा गुळगुळीत धोंडा. तेलात कालवलेला शेंदूर, जाड थर दिलेला. दोन विझलेल्या उदबत्त्या. झेंडूचा हार, ताजा. फुलं जोडीजोडीनं, पाठीला पाठ लावून, दोऱ्याच्या फासात बसवलेली. एक फूल निखळून खाली पडलं होतं, ते मी उचलून पदराला बांधलं.

धुळा माझ्या मागून वाकून बघत होता. अचानक तो सरळ झाला.

"बाई, ह्यो आमच्या माणसाचा देव न्हवं."

"कशावरून?"

"बिरोबाच्या मुलखात देव ठेवलाय, आन् चिमूटभर भंडारा न्हाई. हळदीचा ठिपका सुदिक न्हाई. धनगर असता तर आधी भंडारा टाकला असता, मग शेंदूर." त्यानं आधी नानासोकडं आणि मग म्हसवडच्या दिशेला बघितलं. तिथं लॉजवर शनिवारपासून राजवर्धन उतरला होता. "आमच्यात धनगर नसल्यालं दोघंच."

३

दुपारच्या एसटीनं मी वडूजला गेले. नानासोचं ऑफिस स्टँडच्या मागं आहे. काचेवर बंगल्याचं चित्र, आत प्लास्टिकच्या खुर्च्या. त्यानं माझ्यासाठी पंखा लावला, मग थंडी आहे हे आठवून बंद केला.

"बाई, तुमी माझ्यावर संशय घेऊन आलाय."

"घेऊ का?"

"घ्या की. सगळे घेत्यात. सकाळपासनं चार फोन आले. म्हणं भाव पाडायला नानासोनं धोंडा ठेवला." तो हसला, पण बळंच. "आवं, माझी दलाली भावावर हाय. भाव पाडून मी काय खाऊ? त्यात कंपनीच पळाली तर दलाली बी गेली. तीन वर्सं प्लॉट इकला न्हाई मी. लोक येत्यात, बघत्यात, म्हणत्यात पुढच्या महिन्यात बघू, काळ काय खरा न्हाई. ह्यो एक सौदा जुळलाय, त्योच मोडू व्हय?"

मी गप्प राहिले. मुलांना शिकवताना एक गोष्ट कळते: आपण गप्प बसलो की समोरचा आणखी बोलतो.

"आणि दुसरं सांगतो," नानासो पुढं झुकला. "मला देव बसवायचाच असता ना, तर असा अर्धवट बसवला असता का? शेंदूर, भंडारा, नारळ, झेंडा, सगळं केलं असतं. पावती पुस्तकासकट बसवला असता. लोकांला खरं वाटाय नको?"

मी हसले आणि उठले. एसटीच्या खिडकीशी बसल्यावर मात्र हसू थांबलं. नानासो गमतीनं बोलला होता, पण त्यात खोट नव्हती. बिरोबाला भंडारा लागतो हे या मुलुखात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. खोटा देव खरा भासवायचा तर कुणीही पहिल्यांदा हळदीची पुडी विकत घेईल. मग भंडारा राहिला कसा?

घरी आले तर ओट्यावर राजवर्धन बसला होता, ताठ. त्याचा चेहरा लाल होता.

"बाई," तो म्हणाला, "वाडीत मला आत्ता एकानं हटकलं. देव चोरणारे बघितले होते म्हणं, देव पेरणारा पहिलाच."

४

राजवर्धनला मी आत घेतलं, भाकरी वाढली. चौथीतही राग आला की तो जेवायचा नाही. साठीत त्यानं दोन खाल्ल्या.

"सीधी बात सांगतो, बाई. मी विकायच्या विरोधात होतो. जाहीर बोललो होतो. म्हटलं थांबा, भाव अजून वर जाणार. युद्धं चाललीत, बाजार हलतोय, अशा वक्ताला जमीन हातातून सोडायची नसते. पण नाथा म्हणाला, राजा, मला घरी यायचंय. मग मी विषयच बंद केला."

"आणि मनातून?"

"मनातून पण. आणि समजा मला सौदा मोडायचाच असता, तर धोंडे कशाला उचलू या वयात? सातबाऱ्यावर माझं नाव आहे. सही करत नाही म्हणायचं, खतम. धुळ्याचंही तेच. आमच्यापैकी एकानं नुसती आडवी मान हलवली तरी खरेदी होत नाही."

राजवर्धनला हिशेब नेहमी उशिरा सुटायचा, पण सुटला की पक्का.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुळ्याला माळाच्या कडेला गाठलं. मेंढरं धोंड्यापासून लांब चरत होती. तो त्यांना जवळ जाऊ देत नव्हता.

"माळ गेला की मेंढरं कुठं नेणार?" मी विचारलं.

"कुठली मेंढरं? पोरं पुण्यात गाड्या चालवत्यात. ही माझ्यासंगं जाणार." तो थोडा वेळ काठीनं माती उकरत राहिला. "जीव तुटतोय, खोटं कशाला बोलू. हितं माझा बा बसायचा, त्येचा बा बसायचा. तुमी दोरीनं मोजाय शिकवलं ते बी हितंच. पण मी नाथाला शब्द दिलाय. नुसता न्हाई, भंडारा उचलून दिलाय."

"भंडारा उचलून म्हणजे, नवीन माणसाला सांगायचं तर कसं सांगशील?"

"देवाला साक्षीला बोलवायचं. भंडारा हातात घेतला की देव तिथं आला. मग खोटं बोलता येत न्हाई. बोललं तर घराला लागतं." त्यानं आवाज खाली आणला. "माझी आजी हळदीचा डबा सांडला तरी पाया पडायची."

मी माळावर उभी होते. समोर तो भगवा ठिपका. मला एकदम जाणवलं की आपण सगळेजण हे गणित उलट्या बाजूनं सोडवत बसलोय.

५

त्याच संध्याकाळी नाथाजीकडं गेले. शनिवारी तो लोणंदला पाहुण्यांकडं होता आणि रविवारी दुपारी परतला, तेव्हापासून त्याचं जेवणखाण सुटलंय असं ऐकलं होतं. पण तो मला दिसला तो जुन्या पडवीपुढच्या मोकळ्या जागेत, हातात फक्कीची पिशवी घेऊन. जमिनीवर पांढऱ्या रेषा ओढलेल्या.

"या बाई. पायरी हितं हाय, हितनं या," तो म्हणाला. पायरी कुठंच नव्हती. "ह्यो सोपा. हितं तुमची खुर्ची. हे सैपाकघर, उगवतीला तोंड करून. हितं नातवंडं झोपतील. सौदा व्हईल न व्हईल, आखाय काय पैसं पडत न्हाईत."

मी रेषेवर पाय न देता आत गेले. फक्कीच्या घरातून खऱ्या घरात.

त्याची बायको बनुबाई उंबऱ्याशी फोनवर बोलत होती, तमिळमध्ये. हुंकार भरावा तसं "आमा, आमा," म्हणत ती मोकळं हसली. बनूला मी तिच्या लग्नापासून ओळखते, आटपाडीकडची धनगराची लेक, हळू आवाजाची. तिला असं हसताना मी वाडीत कधी ऐकलं नव्हतं. मला बघताच तिनं फोन ठेवला, पदर घेतला आणि आवाज पुन्हा लहान झाला.

"शेजारीण व्हती, सेलमची. सरस्वती. इचारत व्हती कवा येणार."

"मग काय सांगितलंस?"

"ह्यांनी सांगितलंय तेच. आता न्हाई येत म्हणून."

तिनं चहा नाही, कॉफी आणली, स्टीलच्या छोट्या वाटीपेल्यात, वर फेस. उंबऱ्यापुढं तांदळाच्या पिठाचे ठिपके जोडून रांगोळी होती. वाडीत आम्ही ती दगडाच्या भुकटीची काढतो. ती सांगत होती, सेलमच्या गल्लीत पहाटे सगळ्या बायका एकदम दारात उतरतात, पिठाचे हात तसेच ठेवून गप्पा मारतात. मुलं तिथंच झाली, तिथंच शिकली. थोरली सून तिथली. बोलताना तिचे हात वेगळेच दिसत होते, सैल.

"पहिली दोन वर्सं मी लय रडले, बाई. भाषा न्हाई, भाकरी न्हाई. सरस्वतीच्या आईनं एकेक शबुद शिकवला."

बाहेरून नाथाजीनं हाक मारली, "बनू, देवघर कुठल्या भिंतीला घ्यायचं गं?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणाला, "हितंच बरं."

मी कॉफीचा पेला ओठांना लावला, आणि नजर वर गेली. चौकटीला दिवाळीचं तोरण अजून लटकत होतं, झेंडूचं. मी पेला खाली ठेवला आणि पदराची गाठ चाचपली.

आता इथं तुम्हीही क्षणभर थांबा. मी वर्गात थांबत असे तसं. लागतं ते सगळं फळ्यावर लिहून झालंय.

६

मंगळवारी बनू ओढ्याला धुणं धुवायला गेली, तेव्हा मी तिथं जाऊन खडकावर बसले. आणखी कुणी नव्हतं.

"बनू, मी बोलते, तू ऐक. चुकलं तर थांबव."

तिनं पिळा तसाच हातात धरला.

"माळावरच्या देवाला भंडारा नव्हता, म्हणून सगळे म्हणाले की ठेवणारा धनगर नाही. मला आधी तेच पटलं. पण परक्यानं खोटा देव मांडला असता तर त्यानं भंडारा सढळ हातानं टाकला असता. त्याला काय, दुकानातली हळद. भंडारा टाकायला हात कुणाचा कचरेल? ज्याच्या मनात भंडारा म्हणजे देवाची साक्ष आहे त्याचा. शेंदूर लावला तर धोंडा धोंडाच राहतो. भंडारा टाकला तर देव खरंच येऊन बसेल आणि आपलं खोटं बघेल, अशी भीती ज्याला आहे त्याचा. म्हणजे ठेवणारा धनगराच्याच घरचा."

ओढ्याचं पाणी तिच्या पायांवरून जात होतं.

"मग धुळा का नाही? तर तो सरळ सही नाकारू शकला असता. राजवर्धनही. चोरून धोंडा तोच ठेवतो, ज्याला उघड नाही म्हणता येत नाही." मी पदराची गाठ सोडली आणि सुकलेलं फूल तळहातावर ठेवलं. "आणि हे. आमच्याकडं हार ओवतात. सुई फुलातून आरपार जाते. या फुलाला भोक नाही. ते दोऱ्याच्या गाठीत बसवलेलं होतं, न टोचता. म्हसवडच्या देवळापुढच्या हारवाल्याला विचारून आले, तसा हार तो करत नाही. तुझ्या चौकटीवरचं तोरण मात्र तसंच आहे."

ती फुलाकडं बघत म्हणाली, "फुलाला टोचायचं न्हाई, तसं शिकवलंय सरस्वतीच्या आईनं." मग खाली बसली. "शनिवारी हे लोणंदला गेलते. धुळाभावजी मेंढरं घिऊन गेलं, तवा दिवस मावळत व्हता. हितनंच धोंडा नेला, पाटीत घालून. नुसता धोंडा बघवंना, म्हणून हार घातला. भंडाऱ्याची पुडी कमरेला व्हती, बाई. तीन डाव सोडली. हातच उठंना."

"नाथाजीनं त्याचा हिस्सा तुझ्या नावावर घेतलाय ना?"

"माझ्याच. जमीन घरच्या लक्ष्मीच्या नावानं घ्यावी म्हणालं."

"म्हणजे सही तुझीच लागणार होती. तू नुसतं नाही म्हणाली असतीस तरी पुरलं असतं."

बनूनं पिळा धुण्याच्या ढिगावर ठेवला. तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

"न्हाई म्हणाय आधी कुणीतरी इचारावं लागतं की, बाई. माळ घ्यायचा का, इकायचा का, घर कुठं बांधायचं. ह्ये समद्यांला इचारत्यात. एजंटाला इचारत्यात. मला वाटलं, सौदा मोडला तर आमी आपलं गुमान माघारी जाऊ. तेवढंच."

तिच्या नवऱ्याला घरी यायचं होतं, आणि तिला घरी जायचं होतं. दोन्ही घरांना एकच माळ आडवा आला होता.

"मी कुणाला काही सांगणार नाही," मी म्हणाले. "उद्या पहाटे धोंडा उचल. धुळ्याला मी म्हणेन की ठेवणाऱ्यानं नेला. तो खोदून विचारणार नाही."

ती उठली. धुणं डोक्यावर घेतलं आणि चार पावलं जाऊन थांबली.

"न्हाई बाई. सुभेदारांवर आळ आलाय. उद्या समद्यांला माळावर बोलवा."

७

बुधवारी सकाळी माळावर आम्ही सहाजण होतो. नानासोही आला होता, पांढरा शर्ट घालून. नाथाजीनं दाढी केली नव्हती. मी कुणाचं नाव घेणार म्हणून सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी बाजूला सरले.

बनू पुढं झाली, वाकली आणि धोंडा उचलून कडेवर घेतला, मूल घ्यावं तसा. हार घसरून खाली पडला.

"मी ठेवलाय," ती म्हणाली. "म्या ओढ्यातनं आणलाय, म्याच ओढ्यात नेऊन सोडते. सुभेदार, तुमी माफ करा."

राजवर्धननं घसा साफ केला. "वहिनी, आमच्या फौजेत याला कामयाब कारवाई म्हणतात. ज्यांनी मला हटकलं त्यांनी आता चहा पाजावा, एवढंच."

धुळा डोळे विस्फारून बघत होता. "आवं वयनी, मी तीन दिस मेंढरं लांबनं फिरवली. येकीला तर पाया पडाय लावलं." मग तो हसला, आणि नानासोनं सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की तोही हसण्याचाच भाग झाला.

नाथाजी मात्र हसला नाही. तो बायकोकडं बघत होता. चेहऱ्यावर राग नव्हता. गणिताचं उत्तर चुकल्यावर तो असाच बघायचा. कुठं चुकलं ते सापडेपर्यंत पाटीवरून नजर हटायची नाही.

मग त्यानं काहीतरी विचारलं. तमिळमध्ये.

बनू दचकली. कडेवरचा धोंडा तिनं हळूच खाली ठेवला आणि तमिळमध्येच उत्तर दिलं, आधी तुटक, मग भरभर. हळू आवाजाची बनू नव्हतीच ती. हात हलत होते, मधेच डोळे पुसत होती, एकदा तर त्याला काहीतरी टोचून बोलली असावी, कारण त्याची मान खाली गेली. नाथाजी जमिनीवर बसला. तीही बसली. आम्हाला एक शब्द कळत नव्हता. मी राजवर्धनच्या दंडाला हात लावला, आणि आम्ही चौघे हळूहळू माळ उतरायला लागलो. खाली रस्त्यावर येऊन वळून बघितलं, तर दोघं तिथंच बसली होती, उन्हात, आणि बोलत होती.

गुरुवारी वडूजला खरेदीखत झालं. बनूनं सही केली. सही करायच्या आधी नाथाजीनं तिला सगळ्यांसमोर विचारलं, करायची का म्हणून, आणि ती हो म्हणेपर्यंत पेन पुढं केलं नाही. कंपनीच्या साहेबानं दोनदा घड्याळ बघितलं.

शनिवारी नाथाजी माझ्याकडं निरोप घ्यायला आला. सेलमची तिकिटं काढली होती. तिथल्या भाड्याच्या घराचा वरचा मजला मालक विकतोय, माळाच्या पैशातून तो आता ती दोघं घेणार होती. बनूला तिथून गल्ली दिसते म्हणे. मी त्याला दूध-भाकरी कुस्करून दिली. तो लहानपणी खायचा तशीच, बोटं चाटत खाल्ली. बाहेर वाडीतली पोरं विटी-दांडू खेळत होती, त्यांचा आवाज येत होता. तो ऐकत बसला.

"नाथा, वाईट वाटतंय का?"

"वाटतंय की. चाळीस वर्सं ह्योच इचार केला, की कवा तरी माघारी यायचं." त्यानं ताट बाजूला सारलं. "पण बाई, घराची आठवण काढत जगायची मला सवय हाय. तिनं ती दोन वर्सं रडून मोडलीया. आता ह्या वयात तिला पुन्यांदा ती सवय कशाला लावू?"